उकंडा नावाची ओळ

महादेवराव भोयरांच्या घरी पाळणा हलायचा आणि थांबायचा. एक लेकरू गेलं, दुसरं गेलं, तिसरं तर पाचवी पुजायच्या आत गेलं. चौथ्या खेपेला गल्लीतल्या बायांनी ठरवलं, की आता यमाला हात जोडून भागत नाही, त्याला फसवायलाच पाहिजे. पोर जन्मलं तसं फाटक्या लुगड्यात गुंडाळून घरामागच्या उकंड्यावर, म्हणजे शेणाकचऱ्याच्या ढिगावर, नेऊन ठेवलं. शेजारची तुळसाबाई ठरल्याप्रमाणे तिकडून आली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "माय वो! हे कोनाचं टाकून देल्लं पोट्टं?" तिनं ते उचलून आपल्या घरी नेलं. मग सख्ख्या आईनं सूपभर ज्वारी देऊन आपलंच लेकरू तिच्याकडून विकत घेतलं. नाव ठेवलं उकंडा. जे टाकून दिलेलं असतं त्याच्यावर यमाची नजर जात नाही, अशी आपल्याकडच्या बायांची श्रद्धा. हसणाऱ्यानं हसावं. पोर जगलं, एवढं खरं.

जगलं, मोठं झालं, यवतमाळकडच्या घाटंजीच्या पुढच्या त्याच गावात कापूस-तूर पिकवत म्हातारं झालं. नावाचं त्याला कधी काही वाटलं नाही. त्या पिढीत असा एखादा उकंडा नाहीतर फकिरा गावोगाव असायचाच. पण स्वतःला मुलगा झाला तेव्हा उकंडाजींनी कोणाला विचारलं नाही. नाव ठेवलं अमर.

"एवढं मोठं नाव काहून?" बायकोनं, बेबीताईनं विचारलं.

"माह्या मायनं आयुष्य लपूनछपून मागतलं," उकंडाजी म्हणाले, "मी उघड मागून राह्यलो."

अमर हुशार निघाला. इंजिनिअर झाला, पुण्याच्या कंपनीत लागला. पहिल्याच दिवशी कागद तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, "वडिलांच्या नावात टायपिंगची चूक झालीय का?" तो काही बोलायच्या आत पलीकडच्या टेबलावरचा शाम बोलला. शाम महागावचा, म्हणजे आपल्याच मातीचा. "चूक नाही मॅडम. उकंडा म्हणजे उकिरडा. आमच्याकडे ठेवतात." सगळे हसले. घरचा माणूसच अर्थ सांगायला उभा राहिल्यावर परक्यांना काय दोष द्यायचा!

तिथून पुढं त्या खोलीत एक नवा शब्द रुजला. कॉम्प्युटरवरच्या निरुपयोगी फाईली टाकायच्या फोल्डरला कोणीतरी नाव दिलं, उकंडा. "ही फाईल काय करू?" "टाक उकंड्यात." अमरची कानशिलं पहिले काही दिवस तापायची. मग तोही हसायला लागला. आपण आधी हसलं की दुसऱ्याचं हसू बोथट होतं, हे त्याला कळलं. आणि हसता हसता तो शब्द त्याच्याही बोटांत बसला. नवा प्रोग्राम चालतो की नाही हे पाहायला खोट्या नावांच्या नोंदी भराव्या लागतात. दुसरे लोक त्या जागी काहीही अक्षरं बडवतात. अमर लिहायचा, उकंडा एक, उकंडा दोन, उकंडा तीन. काम झालं की पुसून टाकायचा.

लग्नाच्या आधी त्यानं सरकारी राजपत्रात रीतसर नाव बदलून घेतलं. अमर उत्तमराव भोयर. लग्नपत्रिकेवरही तेच छापलं. पत्रिका गावी आल्या तेव्हा उकंडाजींनी चष्मा लावून एक पत्रिका वाचली, पुन्हा वाचली.

"हे उत्तमराव कोन बाप्पा?"

"तुम्हीच बाबा. पुण्यात जरा... बरं दिसत नाही ते."

"अस्सं," म्हातारा म्हणाला. पत्रिकेला हळदीकुंकू लावलं, पहिली देवापुढे ठेवली, आणि बाकीच्या वाटायला घेऊन गेला. घरोघर पत्रिका देताना लोक विचारायचे, उत्तमराव कोण? तो सांगायचा, "मीच हाव. पुण्यात असं म्हनते मले." तेवढ्यावर तो विषय संपला, असं अमरला वाटलं. लेकरांना तसंच वाटतं. आईबाप बोलत नाहीत म्हणजे त्यांना लागलं नाही.

पुढं कंपनीनं माणसं कमी केली, त्यात अमरही गेला. प्रेरणा, त्याची बायको, यवतमाळचीच. दोघं यवतमाळला परत आले. एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी मिळाली. पगार पुण्याच्या पासंगाला पुरत नव्हता, पण दवाखान्यात मान होता. व्यवस्थापक नानाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हे आमचे पुण्याचे साहेब."

काम असं होतं. ममता नावाची मुलगी मोटारीनं गावोगाव शिबिरं घ्यायची. म्हाताऱ्यांचे डोळे तपासायची, डोळ्यातला दाब मोजायची, आणि प्रत्येकाची एकेक ओळ लॅपटॉपवर साध्या मजकुराच्या फाईलीत टिपायची. नाव, वय, फोन नंबर, कोणता डोळा, काय तक्रार. एका गावाची एक फाईल. संध्याकाळी येऊन ती त्या फाईली दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या फोल्डरात टाकायची. पूर्वी नानाजींचे कारकून त्यावरून हातानं याद्या करायचे, त्यात आठवडा जायचा. अमरनं प्रोग्राम लिहिला. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की तो स्वतःच फोल्डरातल्या सगळ्या फाईली वाचायचा, एकूण एक ओळ डेटाबेसमध्ये भरायचा, दोनदा आलेली नावं एकदाच ठेवायचा, आणि गाववार यादी छापून द्यायचा. ती यादी घेऊन लखीराम ड्रायव्हर मोटार काढायचा. ज्याचं नाव यादीत, तो मोटारीत.

प्रोग्राम करताना अमरनं सवयीनं खोटी नावं भरलीच होती. ती चुकून यादीत जाऊ नयेत म्हणून त्यानं एक ओळ घातली, की ज्या नोंदीचं नाव उकंडा या शब्दानं सुरू होतं, ती पुसून टाक. लिहिताना त्याचा हात क्षणभरही अडला नाही. त्याचा बाप तर केव्हाचा उत्तमराव झाला होता.

पोळ्याच्या आधी ममताचं शिबिर भोयरांच्या गावात झालं. उकंडाजी रांगेत बसले होते. उजव्या डोळ्यानं दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, कडेचं काही दिसत नव्हतं.

"नाव काय, बाबा?"

"उकंडा महादेव भोयर."

ममता यवतमाळातच लहानाची मोठी झालेली. ती हसली नाही, लिहिलं. यंत्रातला आकडा पाहून तिनं शेवटी लिहिलं, काचबिंदूचा संशय, लवकर आणणे. आणि त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. "मोटार येईल, बाबा. वेळ करू नका. हा डोळा दुखत नाही, गुपचूप जातो."

"माहा पोट्टा तुमच्याच दवाखान्यात हाय," म्हातारा सांगणार होता. जिभेवर आलं होतं. पण पोराचं नाव सांगितलं की त्याच्या बापाचं हे नाव दवाखान्यात पसरेल, हे मनात येऊन त्यानं नुसती चिठ्ठी घेतली.

मोटार आली. मारुतीच्या पारावर सगळे जमले. लखीरामनं नावं वाचली, एकेक जण चढला. शेवटी उकंडाजी तेवढे खाली राहिले, हातात चिठ्ठी.

"चिठ्ठी नाई चालत बाबा, यादी चालते," लखीराम म्हणाला. "पुढच्या शिबिरात पाहा."

दसऱ्यानंतर पुन्हा शिबिर झालं. ममतानं त्यांना ओळखलं. "काहून आले नाही, बाबा?"

"नाव नोतं ना, बाई."

ममतानं पुन्हा लिहिलं आणि दवाखान्यात आल्यावर पर्सही न ठेवता अमरच्या टेबलाशी गेली. "अमरभाऊ, तुमच्या मशीनीतून म्हातारे गळून राह्यले."

"कोण गळलं?"

"घाटंजीकडचा एक बाबा. दिवसभरात ढीगभर नावं लिहिली, त्याचं आता ध्यानात नाही, जुन्या पद्धतीचं आहे."

"दोनदा लिहिलं असेल तुम्ही. दोनदाचं एकदा होतं."

"दोनदाचं एकदा झालं तर एकदा तरी उरायला पाहिजे ना!"

अमरनं पडद्यावर पाहिलं. फाईलीचं नाव त्याच्याच गावाचं होतं. फाईलीत जेवढ्या ओळी, त्याहून डेटाबेसमध्ये एक कमी. बाकीच्या गावांचा हिशेब जवळजवळ बरोबर. ती फाईल उघडायला दोन टिचक्या लागत होत्या. त्यानं उघडली नाही. प्रोग्राम त्याचा होता, पुण्यात गेलेली सगळी इज्जत त्यानं त्या प्रोग्रामवर परत मिळवली होती, आणि गावोगाव फिरणारी पोरगी त्याला चूक सांगत होती. "नाव नीट टाईप करत जा," तो म्हणाला. "मशीन चुकत नाही, माणूस चुकतो."

"माणूसच चुकतो," ममता म्हणाली आणि गेली.

मोटार दुसऱ्यांदाही तशीच आली आणि तशीच गेली. संक्रांतीच्या सुमारास तिसरं शिबिर झालं, त्यानंतरही तेच. त्या वेळी तर पारावर विठ्ठलराव होता. विठ्ठलराव उकंडाजींचा लहानपणापासूनचा सोबती, आणि अशा माणसाची जीभ सगळ्यात धारदार.

"काहो उकंडाजी, पोट्टं तिथीसा साहेब, अन् बापाचंच नाव यादीत नाई? का साहेबानं पाहून खोडलं?"

लोक हसले. उकंडाजीही हसले. "तो साहेब नोय रे. मशीनवाला हाय." आणि काठी टेकत घरी आले. दारात बेबीताईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "असन काई कारण."

"मी लावते अमरले फोन."

"नोको लावू. तुले माही आन हाय."

आन घातली म्हणून बेबीताईनं फोन लावला नाही. तिनं देवापुढे तेलाचा दिवा जास्तीचा लावला, आणि नवऱ्याच्या जेवणाचं ताट रोज थोडं डावीकडे सरकवून ठेवू लागली. उजवीकडचं त्याला दिसत नव्हतं. भाजीची वाटी तो चाचपून शोधायचा आणि शोधतोय असं दाखवायचा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी घाटंजीच्या बाजारात उजवीकडून आलेल्या मोटारसायकलीनं त्यांना उडवलं. हाड मोडलं नाही, कोपर सोललं. मोटारसायकलवाला शिव्या देत होता, "बुढ्या, दिसत नाई का?" आणि म्हातारा रस्त्यात बसून खरं तेच सांगत होता, "नाई दिसत, बापू." त्या दिवशी बेबीताईनं आन मोडली. देव पाहून घेईल म्हणाली, आणि फोन लावला.

अमरनं वडिलांना मोटारीत घालून थेट दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्याची नस सुकली होती. तो आता येणार नव्हता. डाव्यालाही सुरुवात झाली होती, पण थेंब आणि लेझर केलं तर वाचेल.

"एवढे दिवस काय केलं?" डॉक्टर अमरला म्हणाले. "तुम्ही इथंच काम करता ना? सहा महिन्यांआधी आणलं असतं तर हा डोळा राहिला असता."

अमर काही बोलायच्या आत दारातून ममता म्हणाली, "आणलं असतं म्हणजे काय, सर! हे बाबा तीन शिबिरांना आले. तिन्ही वेळा मी स्वतः लिहिलं." मग तिनं अमरकडे पाहिलं. "हे तुमचे वडील?"

अमर कॉम्प्युटरशी गेला. आता टिचक्या मारायला हाताला घाई झाली होती. गावाची पोळ्याची फाईल उघडली. साधा मजकूर, एकाखाली एक ओळी, आणि मधेच कुठेतरी, उकंडा महादेव भोयर, उजवा डोळा, काचबिंदूचा संशय, लवकर आणणे. दसऱ्याची फाईल. तीच ओळ, पुढे लिहिलेलं, मागच्या वेळी आणले नाही. संक्रांतीची फाईल. तीच ओळ, फार उशीर होत आहे. डेटाबेसमध्ये तिन्हीचा मागमूस नव्हता. मग त्यानं आपला प्रोग्राम उघडला. शोधावं लागलं नाही. ती ओळ वरच होती, त्याच्याच हस्ताक्षरातली म्हणावी अशी. उकंडा या शब्दानं सुरू होणारी नोंद, पुसून टाक.

त्यानं सगळ्या गावांच्या फाईलींत तो शब्द शोधला. आणखी उकंडा निघाले. एक कळंबकडचा, एक महागावचा, एक लांब पल्याड डोंगरातला. महागाव दिसलं तसा अमरला शाम आठवला. ज्या गावच्या पोरानं अर्थ सांगून हसवलं होतं, त्या गावातही एक आई कधीतरी सूपभर ज्वारी घेऊन उभी राहिली असणार.

तो नानाजींकडे गेला आणि सगळं सांगितलं. नानाजींनी आधी दार लावून घेतलं.

"ते लोक तक्रार घेऊन आले का कोनी?"

"नाही."

"मग बोभाटा कायले करता? ओळ काढून टाका. पुढच्या यादीत त्यांची नावं आपोआप येतीन. विचारलंच तर सांगू, मशीन बिघडली होती."

"मशीन बिघडली नव्हती, नानाजी."

"साहेब," नानाजी म्हणाले, "तुमची नोकरी मशीनवर हाय, हे ध्यानात ठेवा."

अमरनं ओळ काढून टाकली. पुसायला क्षण लागला. त्यानं राहिलेल्या माणसांना फोन लावून पुढच्या मोटारीचा दिवस सांगितला, आणि काहून राहिलो होतो असं जेव्हा त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मशीन बिघडली होती. कळंबकडच्या म्हाताऱ्यानं तर आभार मानले. "देव तुमचं भलं करो, साहेब." देवाला कशाकशात ओढतात माणसं!

त्या संध्याकाळी यवतमाळच्या घरी प्रेरणानं सासऱ्यांना भाकर चुरून दिली. अमर समोर बसला.

"बाबा, ती चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. मला माहीत नव्हतं, तुम्ही..."

"मले वाटलं, तुनं मुद्दाम काढलं असन," उकंडाजी म्हणाले. रागानं नाही. ताटातली भाकर चाचपत, जसं कोणी सांगावं की मला वाटलं आज पाऊस येईल.

"मुद्दाम काहून काढीन मी?"

"हापिसात बापाचं नाव पाहून लोक हसले असते ना तुले. म्या म्हनलं, पोट्ट्याची इज्जत हाय तिथीसा. एका डोळ्यानं काय अडते. दुसरा हाय ना."

अमरला ओरडून सांगावंसं वाटलं, की असं नाही, बाबा, असं नव्हतं. पण म्हातारा जे म्हणत होता ते खोटं कुठं होतं? मुद्दाम काढलेलंच होतं. फक्त कोणाचं काढतोय ते पाहिलं नव्हतं. प्रेरणा पदरानं डोळे पुसत आत निघून गेली.

"माय माही हुशार होती," उकंडाजी एकटेच बोलल्यासारखं म्हणाले. "उकंड्यावरचं यम उचलत नाई, हे तिले ठाऊक होतं. मोटारही उचलत नाई, हे त्या बिचारीले कोठून ठाऊक!" आणि ते हसले. अमर हसला नाही. पुण्यात हसायला लागल्यापासून पहिल्यांदा त्या नावावर त्याला हसू आलं नाही, आणि त्याचा आता कोणाला काही उपयोग नव्हता.

डाव्या डोळ्याच्या लेझरची तारीख मिळाली. अमर म्हणाला, तोवर इथंच राहा. म्हातारा ऐकेना. गाय आहे, बेबी एकटी आहे. "अन् त्या दिवशी तू न्यायले नोको येऊ. गावाच्या मोटारीत येतो. सगळ्यायच्या देखत चढतो." अमर समजला. विठ्ठलरावाच्या देखत.

निघण्याआधी ममतानं मोटारीच्या यादीसाठी नाव लिहायला घेतलं. "उकंडा महादेव भोयर," तिनं स्वतःच म्हटलं.

"उत्तमराव लिही, बाई."

ममता थांबली. अमर म्हणाला, "बाबा, उकंडाच राहू द्या. ती ओळ मी काढली. आता नाव येईल. शपथेवर सांगतो."

"येईन रे. पण माहा एकच डोळा उरला. त्याले कायले जोखमीत टाकू?" म्हातारा ममताकडे वळला. "उत्तमराव लिही. कागदावर काही वेगळं असलं तर पोट्टा पाहून घेईन. त्याले ते जमते."

ममतानं अमरकडे पाहिलं. अमरनं मान हलवली. तिनं लिहिलं.

ठरलेल्या दिवशी अमर दवाखान्यात बसू शकला नाही. लखीरामच्या शेजारी बसून गावी गेला. मारुतीच्या पारावर माणसं जमली होती. उकंडाजी धुतलेलं धोतर नेसून आले होते, बेबीताईनं दोरी बांधून दिलेली थेंबांची शिशी खिशात. विठ्ठलरावही होता. अमरनं काचेतून पाहिलं आणि तो खाली उतरला नाही.

लखीरामनं यादी वाचायला घेतली. एकेक नाव, एकेक माणूस. मग त्यानं हाक दिली, "उत्तमराव भोयर!"

कोणी उठलं नाही. लग्नपत्रिकेवरचं ते नाव आता कोणाच्या ध्यानात नव्हतं, लोक एकमेकांकडे पाहू लागले. उकंडाजी काठीवर हनुवटी टेकून बसले होते, चेहरा मोटारीकडे, आपलं नाव कधी येतं याची वाट पाहत.

"उत्तमराव भोयर! आहे का कोनी?"

"या नावाचा गावात कोनी नाई बाप्पा," विठ्ठलराव म्हणाला. "पुढचं घ्या."

लखीरामनं पेन्सिल काढली आणि नावापुढे रेघ मारायला कागद गुडघ्यावर धरला. अमर दार उघडून धावत खाली उतरला, म्हाताऱ्याजवळ गेला आणि त्याच्या डाव्या बाजूला, जिकडून दिसत होतं तिकडून, वाकून म्हणाला, "बाबा, चला. तुम्हालाच बोलावून राह्यले."

"मले?" उकंडाजी म्हणाले. "मले कुठं बलावलं?"